पुणे विद्यापीठ ओळखावे कसे: नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मार्गदर्शन

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याची विद्यापीठाशी पहिली गाठ बहुधा एखाद्या खिडकीपाशी पडते. हातात मूळ कागदपत्रांची फाइल असते, प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स प्रती असतात आणि कोणता अर्ज कुठे द्यायचा याची चिंता असते. पुढची दोन वर्षे वर्ग, अभ्यासिका, कॅन्टीन आणि परीक्षा यांत सरतात, आणि ४११ एकरांच्या या परिसरात आपण नेमके कुठे राहिलो, ही जागा कोणाची होती, ती आपल्यापर्यंत कशी आली, हे ध्यानात येण्यापूर्वीच शेवटच्या सत्राचा निकाल लागतो. ही दोन वर्षे अधिक डोळसपणे कशी घालवता येतील, हे येथे सांगायचे आहे. राज्य सरकारच्या कायद्याने स्थापन झालेले आणि सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले विद्यापीठ हे विद्यार्थ्याचे स्वतःचे घर असते, आणि घराची माहिती असणाऱ्यालाच ते नीट वापरता येते, अशी माझी पक्की धारणा आहे.

मुख्य इमारतीपासून सुरुवात करावी

पहिल्या आठवड्यातली एखादी सकाळ राखून ठेवावी आणि मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर जाऊन उभे राहावे. उंच मनोरा, कमानींच्या रांगा आणि इटालियन धाटणीची बांधणी असलेली ही वास्तू विद्यापीठासाठी बांधलेली नाही. मुंबई इलाख्याचे सरकार पावसाळ्यात मुक्काम पुण्याला हलवत असे, आणि गव्हर्नरचा निवास तेव्हा दापोडीच्या जुन्या बंगल्यात असे. तो अपुरा वाटल्याने सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, गणेशखिंडीत नव्या निवासाचे बांधकाम सुरू झाले. वास्तुरचना जेम्स ट्रबशॉ यांची होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापूस व्यापारात अमाप पैसा खेळत होता. इलाख्यात भव्य इमारती उठवण्याची हौस त्या भरभराटीच्या काळातली आहे. काम पूर्ण होईपर्यंत १८७१ साल उजाडले होते आणि फ्रिअर तोवर पायउतारही झाले होते.

इमारत पाहताना सन १८९७ डोक्यात ठेवावे, एवढाच माझा आग्रह आहे. त्या वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेग आटोक्यात आणण्यासाठी नेमलेल्या रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरत होते आणि त्यांच्या झडत्यांनी शहर संतापले होते. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच गव्हर्नमेंट हाउसमध्ये झाला, आणि तो आटोपून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. या दोन घटनांमध्ये साडेतीन महिन्यांचेही अंतर नाही. ज्या बाईने प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना जीव गमावला, तिचे नाव आज त्या वास्तूला आणि भोवतालच्या साऱ्या परिसराला आहे, जिथे त्याच वर्षी साम्राज्याचा उत्सव चालला होता. हे ठाऊक असलेला माणूस त्या पायऱ्यांपाशी काही क्षण थांबल्याखेरीज पुढे जात नाही.

आणखी मागे जायचे असल्यास ५ नोव्हेंबर १८१७ पर्यंत जावे. दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची आणि इंग्रजांची खडकीची लढाई याच माळावर झाली, म्हणून तिला गणेशखिंडीची लढाई असेही म्हणतात. आज जिथे वसतिगृहातून वर्गाकडे सायकलने जाता येते, तो मुलूख त्या दिवशी पेशव्यांच्या हातून जवळजवळ निसटला. एका जागेवर इतिहासाचे इतके थर क्वचितच सापडतात. ते वाचण्यासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड, जो १८८५ मध्ये निघाला, हाताशी ठेवावा. इमारतीची आतील दालने पाहायची असतील तर आधी रीतसर परवानगी विचारावी, कारण ती वारसावास्तू असली तरी वापरातली आहे.

हे विद्यापीठ का मागितले गेले, ते समजून घ्यावे

पुण्यात उच्च शिक्षण विद्यापीठाच्या कितीतरी आधीपासून होते. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज घडले आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठाची स्थापनाही १९१६ साली पुण्यातच केली. तरीही सर्वसाधारण महाविद्यालयांची परीक्षा आणि पदवी १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या हाती होती. त्या एकाच विद्यापीठाकडे सिंधपासून कर्नाटकापर्यंतचा अवाढव्य प्रदेश होता. पुण्या-साताऱ्याचा, नगर-नाशिकचा विद्यार्थी जे शिकायचा ते दूर मुंबईत ठरायचे, म्हणून महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे ही मागणी बराच काळ चालू राहिली. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला निश्चित रूप दिले. त्यानंतर कायदा झाला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. याच सुमारास मुंबई इलाख्यात गुजरात विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठही निघाले. भाषावार राज्यरचनेच्या आधीच विद्यापीठांची भाषावार वाटणी होत होती, हे या तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की दिसते.

पहिले कुलगुरू जयकरच झाले. प्रारंभीचे कामकाज भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम गेस्ट हाउसमध्ये चालले आणि काही महिन्यांतच विद्यापीठ गणेशखिंडीत आले. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी एवढा विस्तीर्ण परिसर मिळवून देण्यात पुढाकार घेतला. राज्यपालांचा निवास विद्यार्थ्यांच्या हवाली करणे हा स्वतंत्र देशाच्या सरकारचा निर्णय होता, आणि माझ्या मते विद्यापीठाच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय तोच आहे. आजही शहराच्या ऐन मध्यात ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहे आणि झाडे एकत्र नांदू शकतात, ते त्यामुळेच.

सुरुवातीला विद्यापीठाशी १८ महाविद्यालये संलग्न होती आणि विद्यार्थी आठ हजारांवर होते. कार्यक्षेत्र मात्र १२ जिल्ह्यांचे होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले आणि १९९० साली जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर धुळे व जळगाव वेगळे झाले. उरले ते पुणे, नाशिक आणि आजचा अहिल्यानगर जिल्हा. ही माहिती वरवर पाहता कोरडी वाटते, परंतु घरातील वडीलधाऱ्यांची जुनी पदवी हाती आली की तिचा उलगडा होतो. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या आजोबांच्या पदवीपत्रावर पुणे विद्यापीठाचे नाव का आहे आणि त्यात ‘सावित्रीबाई फुले’ हे शब्द का नाहीत, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या क्रमात आहेत, कारण विद्यापीठाचा नामविस्तार २०१४ साली झाला.

नावे वाचत पायी फिरावे

परिसर समजून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे गाडी लावून ठेवून पायी फिरणे. एका फेरीत सारे उरकण्याचा अट्टाहास धरू नये. एक दिवस मुख्य इमारत आणि तिच्या आसपासचे जुने वृक्ष पाहावेत, एक दिवस विज्ञान विभागांकडे जावे आणि एक दिवस आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राच्या बाजूला वळावे. प्रत्येक इमारतीच्या, सभागृहाच्या आणि मैदानाच्या नावाशी थांबून, हे नाव येथे का, एवढा एकच प्रश्न विचारावा. क्रीडासंकुलाला खाशाबा जाधव यांचे नाव आहे. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे, स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून देणारे हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल. सभागृहांना ज्ञानेश्वर आणि नामदेव यांची नावे आहेत. ग्रंथालयाला जयकरांचे नाव आहे. कुलगुरूंच्या मालिकेत रँग्लर र. पु. परांजपे, इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार, शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर अशी नावे भेटतात आणि या पदावर कोणकोणत्या क्षेत्रांतली माणसे येऊन गेली हे कळते.

विभागांनाही असे पूर्वज असतात. संख्याशास्त्र विभागाची पायाभरणी १९५३ साली वसंत हुजूरबाजार यांनी केली आणि रसायनशास्त्रात अणुरसायनाचे काम ह. ज. अर्णीकर यांनी रुजवले. स्वतःच्या विभागाची अशी चार नावे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगता यावीत.

आयुकासाठी संपूर्ण दुपार ठेवावी. खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे हे आंतरविद्यापीठीय केंद्र १९८८ साली स्थापन झाले, जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक होते आणि वास्तुरचना चार्ल्स कोरिआ यांची आहे. मधल्या खुल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते याचा डोळ्यांदेखत पुरावा देणारा फूकोचा लंबकही तेथे आहे. त्याच्यासमोर घाईने उभे राहू नये. झोका घेण्याची दिशा क्षणात बदलत नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे फिरून परत यावे, म्हणजे लंबकाची रेघ मघापेक्षा सरकलेली दिसते, आणि आपल्या पायाखालची जमीन तेवढी फिरून गेली हे पुस्तकात वाचलेले वाक्य एकदम खरे होते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला येथे सर्वसामान्य लोकांना मोकळा प्रवेश असतो. शेजारीच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण याच केंद्राने उभारली. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा ‘परम’ महासंगणकही १९९१ साली विद्यापीठाच्याच परिसरात आकाराला आला. या संस्था विद्यापीठाच्या अंगणात असल्या तरी त्यांचा कारभार स्वतंत्र आहे, तेव्हा त्यांची व्याख्याने आणि प्रकल्प यांची सूचना विभागाच्या फलकावर लागेल अशी वाट पाहू नये. ती त्यांच्याकडे जाऊन विचारावी.

काही विभाग गणेशखिंडीत नाहीतच. वृत्तपत्रविद्या आणि परकीय भाषांचे विभाग फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, आणि तेथील विद्यार्थ्याला मुख्य परिसर परका वाटू लागतो. अशांनी आठवड्यातून एक दिवस तरी ग्रंथालयाच्या निमित्ताने गणेशखिंडीत यावे.

जयकर ग्रंथालय खऱ्या अर्थाने वापरावे

ग्रंथालयाचे ओळखपत्र प्रवेश पक्का झाल्याच्या आठवड्यातच काढून घ्यावे. पुष्कळ विद्यार्थी ग्रंथालयात येतात ते स्वतःची पुस्तके घेऊन, बसायला शांत जागा मिळते म्हणून. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना अभ्यासिकेचा मोठाच आधार असतो आणि त्यात काही गैर नाही. तथापि तेथे दोन वर्षे बसूनही कपाटांतील ग्रंथांना हात न लावता परत जाणे म्हणजे विहिरीच्या काठावर घागर उपडी ठेवण्यासारखे आहे.

विद्यापीठाच्या इतिहासाविषयी वाचायचे असल्यास शोधाची सुरुवात वार्षिक अहवालांपासून करावी. प्रत्येक वर्षी कोणते विभाग निघाले, कोणत्या इमारती झाल्या, किती विद्यार्थी होते, कोणाची देणगी आली, हे त्यांत सापडते. त्यानंतर पदवीदान समारंभातील भाषणे, महोत्सवांच्या निमित्ताने निघालेले स्मरणग्रंथ आणि त्या-त्या वर्षांची दैनंदिनी पाहावी. शोध घेताना एक गोष्ट विसरू नये: जुन्या तालिकांत विद्यापीठाची नोंद ‘युनिव्हर्सिटी ऑफ पूना’ या नावाने आहे. आजच्या नावाने शोधले की हाती थोडेच येते आणि काही साहित्य उपलब्धच नाही असा गैरसमज होतो. प्रबंधांच्या बाबतीत इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ हे भांडार घरबसल्या उघडता येते, परंतु जुने प्रबंध छापील प्रतींतच पाहावे लागतात. आपल्या विभागातील पहिल्या दहा-पंधरा वर्षांतील दोन प्रबंध काढून नुसती मनोगते वाचावीत. मार्गदर्शक कोण होते, प्रयोगाचे साहित्य कोठून आणले, टंकलेखन कोणी करून दिले, कोणी जेवू घातले, हे सारे त्या दोन-तीन पानांत असते आणि अहवालात कुठेही नसते.

ग्रंथपालांशी बोलताना विषय मोघम ठेवू नये. ‘विद्यापीठाच्या इतिहासावर काही आहे का’ असे विचारल्यास ते दोन स्मरणग्रंथ पुढे ठेवतील. ‘१९५० ते १९६० या काळात वसतिगृहांसंबंधी अहवालांत काय नोंद आहे, ते पाहायचे आहे’ असे सांगितल्यास तेच ग्रंथपाल उठून तुमच्याबरोबर कपाटापर्यंत येतील. नेमक्या प्रश्नाला नेमकी मदत मिळते, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. वर्तमानपत्रांचे जुने अंक हाताळताना पान दोन्ही हातांनी उलटावे, त्यावर वही ठेवून लिहू नये आणि फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, कारण ते पिवळे कागद आपल्यानंतर येणाऱ्यांनाही लागणार आहेत.

कागदपत्रे, श्रेयांक आणि मंडळे

प्रवेशाच्या वेळी मिळणारा कायम नोंदणी क्रमांक, ज्याला सारे पीआरएन म्हणतात, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. तो परीक्षा अर्जापासून पदवीपत्रापर्यंत सोबत राहतो. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रतेचा अर्ज यांकडे दुर्लक्ष करू नये, कारण पात्रता अपुरी राहिली तर तिची आठवण नेमकी निकालाच्या वेळी होते. शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करताना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांसाठी निर्वाह भत्त्याच्या योजना या दोन्हींचे निकष स्वतः वाचावेत. मित्राने सांगितले म्हणून आपण पात्र नाही असे गृहीत धरून कित्येक जण हक्काचे पैसे सोडून देतात, याचे फार वाईट वाटते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मोजणी श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, होते. एका वर्षाचे ४४ श्रेयांक, म्हणजे एका सत्राचे २२. व्याख्यानाच्या एका श्रेयांकामागे १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकामागे ३० तास धरले जातात. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे वर्गातील साठ तास, हा हिशेब सत्राच्या आरंभीच करून ठेवावा. साठपैकी किती तास खरोखर झाले, हे आपल्याला सांगता आले, तर वर्ग बुडाल्याची कुरबुर न करता विभागप्रमुखांशी आकड्यांनिशी आणि आदराने बोलता येते.

विद्यापीठ चालवणारी मंडळे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने ठरवली आहेत. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद ही प्रमुख प्राधिकरणे आहेत, आणि अभ्यासक्रमाची आखणी त्या-त्या विषयाचे अभ्यास मंडळ करते. एखादा विषय अभ्यासक्रमात का आला किंवा का गळला, हे विचारायचे ठिकाण अभ्यास मंडळ होय. परीक्षा विभागाकडे त्याचे उत्तर नसते. अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० सदस्य असतात. पदवी घेतल्यावर पदवीधर म्हणून नाव नोंदवावे आणि मतदान करावे. विद्यापीठाशी असलेले आपले नाते पदवीपत्राबरोबर संपू नये, अशी सोय कायद्यानेच केलेली आहे. तक्रार असल्यास ती लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाताना कागद तारखेच्या क्रमाने लावलेले असावेत.

वसतिगृह, रिफेक्टरी, कमवा व शिका

परिसरातील जीवनाचा मोठा भाग वसतिगृह आणि रिफेक्टरी, म्हणजे भोजनगृह, यांच्या दरम्यान घडतो. जेवणाच्या रांगेत भौतिकशास्त्राचा संशोधक, पाली भाषेचा विद्यार्थी आणि नांदेडहून किंवा नंदुरबारहून आलेला नवा मुलगा एकामागे एक उभे असतात. विभागाच्या वर्गात ही माणसे कधीच भेटली नसती. पहिल्या सत्रात दररोज आपल्याच गावच्या मित्रांबरोबर जेवण्याचा मोह आवरावा आणि निदान एक वेळचे जेवण अनोळखी टेबलावर घ्यावे. अनिकेत कॅन्टीनमधल्या चहाच्या गप्पांतून जितके प्रबंधांचे विषय ठरले असतील, तितके चर्चासत्रांतून ठरले नसतील असे मला प्रामाणिकपणे वाटते.

घरची परिस्थिती बेताची असलेल्यांनी कमवा व शिका योजनेची चौकशी प्रवेश घेतल्याबरोबर करावी. ही योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या आणि १९४७ साली साताऱ्याला स्वावलंबनाच्या तत्त्वावर महाविद्यालय काढणाऱ्या भाऊरावांना पुणे विद्यापीठाने १९५९ साली सन्मान्य डी. लिट. दिली. योजनेत कार्यालयातील, ग्रंथालयातील किंवा बागेतील काम तासांच्या हिशेबाने मिळते. काम मागताना संकोच करू नये. कामाची वेळ आपल्या तासिकांच्या आड येणार नाही अशी आधीच ठरवून घ्यावी, आणि दर महिन्याची हजेरी स्वतःच्या वहीतही मांडून ठेवावी. ‘यः क्रियावान् स पण्डितः’ हे या विद्यापीठाचे बोधवाक्य आहे, आणि सकाळी रोपांना पाणी घालून नऊ वाजता वर्गात येऊन बसणाऱ्या मुलांइतके ते दुसऱ्या कोणालाही लागू पडत नाही.

कला आणि क्रीडा यांच्यासाठी फारसे सांगावे लागत नाही, कारण ओढ असलेले स्वतःच वाट शोधतात. ललित कला केंद्रात नाट्य, नृत्य व संगीत गुरुकुल पद्धतीने शिकवले जाते आणि अंगणमंचावरचे प्रयोग पाहण्यासाठी दुसऱ्या विभागांतील मुलेही जातात, आपणही जावे. राज्यभरातील विद्यापीठांचे ‘इंद्रधनुष्य’ हे युवा महोत्सव, ‘अश्वमेध’ हे क्रीडा महोत्सव आणि ‘आविष्कार’ हे संशोधन संमेलन यांच्या निवडचाचण्या सत्राच्या ऐन धामधुमीत येतात, म्हणून त्यांची चौकशी विद्यार्थी विकास मंडळाकडे आधीच करून ठेवावी. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एकदा तरी करावे.

आपल्या विभागाचा इतिहास लिहून ठेवावा

दुसऱ्या वर्षी शक्य झाल्यास एक काम हाती घ्यावे. विद्यापीठाचा एकूण इतिहास स्मरणग्रंथांत येतो, पण विभागाचा, वसतिगृहाचा किंवा प्रयोगशाळेचा इतिहास बहुधा कोणीही लिहिलेला नसतो, आणि तो ज्यांना ठाऊक आहे ती माणसे दरवर्षी निवृत्त होत असतात. प्राध्यापकांच्या आठवणी कुठे ना कुठे छापल्या जातात. प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालय परिचर, माळी, रेक्टर, मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या बाई यांच्या आठवणी मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी.

प्रश्न कसा विचारला जातो, यावर सारे अवलंबून असते. ‘त्या काळी विद्यापीठ कसे होते?’ असे विचारले की ‘चांगले होते, माणसे चांगली होती’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘काका, तुम्ही रुजू झालात त्या दिवशी कोणत्या गेटने आत आलात? पहिल्यांदा कोणाला भेटलात? या खोलीत तेव्हा काय होते?’ असे विचारावे. मग भिंत कुठे होती, कपाट कोणी सुतारकाम करून बनवले, पहिला संगणक आला तेव्हा खोलीत चपला काढून जावे लागे, अशा गोष्टी एकामागून एक निघू लागतात. माणसाला जागा आठवली की प्रसंग आठवतात, म्हणून शक्यतो त्याच खोलीत, त्याच झाडाखाली बसून बोलावे.

ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि ती लेखी असावी. प्रत्येक नोंदीवर तारीख, स्थळ आणि बोलणाऱ्याचे पद लिहावे. सांगितलेली वर्षे वार्षिक अहवालाशी ताडून पाहावीत, कारण स्मरणात घटना पक्की राहते आणि साल सरकते. दोन्ही जुळले नाहीत तर आठवण खोडून टाकू नये. दोन्ही नोंदी शेजारी लिहाव्यात. हयात व्यक्तींविषयीची ऐकीव भांडणे वहीत घेऊ नयेत. जुनी छायाचित्रे मिळाल्यास मूळ प्रत परत करावी, स्कॅन ठेवावा, आणि चित्रातील प्रत्येकाचे नाव डावीकडून उजवीकडे त्याच दिवशी लिहून घ्यावे, कारण नाव सांगणारा पुढच्या वर्षी भेटेलच याचा भरवसा नसतो.

शंभर पानांचा ग्रंथ करण्याची गरज नाही. वीस-पंचवीस पानांची, कोणी केव्हा कुठे सांगितले याच्या नोंदी असलेली टंकलिखित वही पुरेशी होते. तिच्या तीन प्रती काढाव्यात: एक विभागाच्या ग्रंथसंग्रहात द्यावी, एक जयकर ग्रंथालयात रीतसर पत्रासह जमा करून पोच घ्यावी, आणि तिसरी ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांच्या घरी नेऊन त्यांच्या हातात द्यावी.